वारा, पाणी आणि स्वभाव

‘इथले हवापाणी मला मानवले नाही’ हे वाक्य मराठी माणूस सहज बोलून जातो. नव्या गावी भूक लागते की नाही, झोप येते की नाही, अंग धरते की नाही, याचा हिशेब आपण त्या गावाच्या हवापाण्यावर टाकतो. चिनी भाषेतल्या ‘फेंगशुई’ या जोडशब्दाचा अर्थही एवढाच आहे: वारा आणि पाणी. आपल्या वाक्यात चौकशी होते ती गावाची. माणूस कोणत्या जातकुळीच्या स्वभावाचा आहे, तो ‘जलतत्त्वा’चा की ‘काष्ठतत्त्वा’चा, हे कोणी विचारत नाही. मूळ फेंगशुईतही कोणी विचारत नव्हते.

मराठी घरांत फेंगशुई आले ते आधी वस्तूंच्या रूपाने. हसरा बुद्ध, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, खिडकीतला विंड चाइम, लाल दोऱ्यात ओवलेली तीन नाणी. मागोमाग पुस्तके आली. या पुस्तकांत एक प्रकरण हमखास असते. त्यात जन्मवर्षावरून एक आकडा काढायचा, आकड्यावरून तत्त्व, तत्त्वावरून स्वभाव आणि स्वभावावरून पलंगाची दिशा ठरवायची. वाचक बाकीचे पुस्तक चाळतो, पण हे प्रकरण नीट वाचतो, शेजारी बसलेल्यालाही वाचून दाखवतो. घराबद्दलच्या शास्त्रात माणसाचा स्वभाव शिरला कसा आणि कधी, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना असे दिसते की घर, दार आणि दिशा हजारो वर्षे जागच्या जागी राहिल्या. त्यांच्याशी जुळवायचा ‘माणूस’ म्हणजे काय, याचे उत्तर मात्र दर काही शतकांनी बदलत गेले.

सुरुवात घरापासूनही नाही, थडग्यापासून आहे. ‘त्सांगशू’ म्हणजे दफनाचा ग्रंथ. तो ग्वो पू (इ. स. २७६–३२४) याच्या नावावर आहे, अभ्यासक तो बराच नंतरचा मानतात. ‘फेंगशुई’ या संज्ञेचा उगम परंपरेने याच ग्रंथात सांगितला जातो. त्यातली कल्पना अशी की ‘छी’ वाऱ्याने पांगते आणि पाण्यापाशी थांबते, तेव्हा वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशी जागा पूर्वजांना पुरण्यासाठी निवडावी. तिथे अस्थींना मिळालेली छी वंशजांपर्यंत पोहोचते. लाभ होतो तो कुळाला. पुरलेला आजोबा रागीट होता की शांत, याने काही फरक पडत नाही. नातवाचाही स्वभाव कोणी पाहत नाही.

जिवंत माणसांच्या घरांसाठीही एक विद्या होती. तिच्याविषयी आपल्याला उत्तम माहिती मिळते ती तिच्या विरोधकाकडून. वांग चुंग हा पहिल्या शतकातला विचारवंत. गरिबीमुळे पुस्तके घेणे परवडत नसे, म्हणून लोयांगच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानांत उभ्या उभ्या वाचून तो शिकला, अशी त्याची कथा सांगतात. ‘लुनहंग’ या आपल्या ग्रंथात त्याने वास्तुविद्येचा समाचार घेणारे एक प्रकरण लिहिले आहे. त्या काळच्या पद्धतीत माणसाची ओळख म्हणजे त्याचे आडनाव. आडनावाच्या उच्चारावरून ते चिनी संगीतातल्या पाच स्वरांपैकी एका स्वरात बसवायचे. प्रत्येक स्वराला एक तत्त्व, प्रत्येक तत्त्वाला एक दिशा. ‘शांग’ स्वराचे आडनाव असेल तर तत्त्व धातू. दक्षिण ही अग्नीची दिशा आणि अग्नी धातूला वितळवतो. म्हणून शांगवाल्याने दक्षिणेला दार ठेवू नये. ‘ची’ स्वर अग्नीचा, म्हणून त्याने उत्तरेला दार ठेवू नये, कारण उत्तर पाण्याची.

वांग चुंगची उलटतपासणी वाचताना आजही मजा येते. तो विचारतो, दारालाच एवढे महत्त्व का? माणूस राहतो तो आतल्या दालनात. दारातून नुसता ये-जा करतो. मग दालनाची दिशा का पाहत नाही? सरकारी वाड्यात अधिकाऱ्यांची निवासस्थाने ओळीने असतात, त्यांनाही दारे असतात. बढती मिळालेले सगळे योग्य दाराचे आणि पदावरून उतरलेले सगळे चुकीच्या दाराचे, असे कुठे दिसते? हा प्रश्न एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. फेंगशुईला विरोध म्हणजे पाश्चात्त्य बुद्धिवादाची आयात, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

पुढे सातव्या शतकात तांग घराण्याच्या ताय-त्सुंग सम्राटाने ल्यू त्साय या विद्वानाकडे अशा सगळ्या पोथ्यांचे संपादन सोपवले. त्याने संपादन केले आणि प्रस्तावनांमधून त्याच पोथ्यांचे वाभाडे काढले. आडनावांची पाच स्वरांत केलेली वाटणी त्याने तपासली. काही आडनावे उच्चाराच्या साम्याने एका गटात पडलेली दिसतात, तर काहींना तोही नियम लागू होत नाही, आणि प्राचीन ग्रंथांत या वाटणीला आधारच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकाने आपल्याच ग्रंथाच्या दारात उभे राहून वाचकाला सावध करावे, ही गोष्ट मला फार आवडते.

आडनावांची पद्धत पुढे मागे पडली आणि तिच्या जागी जन्मवर्ष आले. ‘अष्टगृह’ म्हणता येईल अशी ही पद्धती चिंग राजवटीत ग्रंथबद्ध होऊन लोकप्रिय झाली. आज मराठी पुस्तकांत ‘क्वा नंबर’ म्हणून जो आकडा मिळतो तो हिचाच. भारतीय वाचकापर्यंत तो पोहोचवण्यात मलेशियाच्या लिलियन टू यांच्या इंग्रजी पुस्तकांचा मोठा वाटा आहे. रीत सोपी आहे. जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे एकअंकी होईपर्यंत मिळवायचे. पुरुष असेल तर ती बेरीज दहातून वजा करायची, स्त्री असेल तर तीत पाच मिळवायचे आणि उत्तर पुन्हा एकअंकी करायचे. उत्तर पाच आले तर पुरुषाला दोन, स्त्रीला आठ. २००० नंतर जन्मलेल्यांसाठी दहाऐवजी नऊ, पाचाऐवजी सहा. वर्ष मोजायचे ते साधारण ४ फेब्रुवारीपासून, म्हणजे जानेवारीत जन्मलेला माणूस आदल्या वर्षाचा. एक, तीन, चार, नऊ हे पूर्व गटाचे. दोन, सहा, सात, आठ पश्चिम गटाचे. प्रत्येकाला चार शुभ दिशा, चार अशुभ.

आता हे गणित आपल्या ओळखीच्या माणसांवर करून पाहू. राहुल द्रविड यांचा जन्म ११ जानेवारी १९७३चा. फेब्रुवारीच्या आधीचा, म्हणून वर्ष १९७२. सात आणि दोन नऊ, दहातून नऊ गेले, राहिला एक. एक म्हणजे जल. शांत, खोल, संयमी, आतल्या आत वाहणारे. वाचणारा खूश होतो. हे तर तंतोतंत जुळले! सचिन तेंडुलकर २४ एप्रिल १९७३चे. सात आणि तीन दहा, म्हणजे एक. दहातून एक गेला, नऊ. नऊ म्हणजे अग्नी. हेही जुळले. इथेच पुस्तक मिटले तर फेंगशुई सिद्ध झाल्यासारखे वाटेल. पण सौरव गांगुली ८ जुलै १९७२चे आहेत. त्यांचाही आकडा एक, त्यांचेही तत्त्व जल. दोघांनी कसोटी पदार्पण केले ते एकाच सामन्यात, १९९६ साली लॉर्ड्सवर. त्याच लॉर्ड्सच्या गॅलरीत २००२ साली अंगातला शर्ट काढून गरगरा फिरवणारे गांगुली आणि दिवसभर एका टोकाला उभे राहणारे द्रविड हे या शास्त्राप्रमाणे एकाच घडणीचे. क्वा-पंडिताला हे अडचणीचे वाटणार नाही. तो सांगेल, पाणी डोहाचेही असते आणि महापुराचेही. या उत्तराने शास्त्र वाचते, पण मग स्वभाव आधी सांगता येत नाही. घडून गेल्यावर तो तत्त्वात बसवता येतो, इतकेच.

खरे तर उदाहरणांची गरजच नाही. एका वर्षात जन्मलेल्या जगातल्या सगळ्या पुरुषांचा आकडा एकच असतो. मुलांच्या शाळेतल्या एका वर्गात जेमतेम दोन आकडे निघतील. शिक्षकांना विचारा, वर्गात स्वभाव किती होते. १९६८ साली जन्मलेले जुळे भाऊ-बहीण घ्या. भावाचा आकडा दोन, तत्त्व पृथ्वी, गट पश्चिम. बहिणीचा एक, तत्त्व जल, गट पूर्व. एका पाळण्यात वाढलेल्या दोघांची सगळी शुभाशुभे उलटी, आणि वर पृथ्वी पाण्याला अडवते म्हणून वैर. ल्यू त्सायने याच धर्तीचा प्रश्न जन्मवेळेच्या भविष्याबद्दल विचारला होता. ख्रिस्तपूर्व २६० मध्ये छांगफिंगच्या लढाईनंतर शरण आलेले लाखो सैनिक पुरून मारले गेल्याचे चिनी इतिहास सांगतो. त्या सगळ्यांच्या कुंडलीत एकच कुयोग होता काय?

एक गोष्ट मात्र जुन्या अष्टगृहवाल्यांच्या बाजूने म्हटली पाहिजे. त्यांचा आकडा बोलत होता तो भाग्याबद्दल: कोणत्या दाराने धन येईल, कोणत्या दिशेने रोग. तो मनुष्य कसा आहे हे सांगण्याचा त्यांचा मुख्य दावा नव्हता. स्वभावाची खाती चिनी परंपरेत दुसऱ्याच दोन दुकानांत होती, वैद्याच्या आणि राज्यकर्त्याच्या.

वैद्याचे दुकान म्हणजे ‘पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ’. त्यातल्या ‘लिंगशू’ या भागाच्या चौसष्टाव्या प्रकरणात पाच तत्त्वांचे पाच, प्रत्येकाचे पुन्हा पाच, असे पंचवीस मनुष्यप्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेतले वात-पित्त-कफ प्रकृतींचे वर्णन ज्यांनी वाचले असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल: वर्ण, डोक्याचा आकार, खांदे, चाल, कोणत्या ऋतूत प्रकृती बिघडते. हे सगळे सुई कुठे टोचावी हे ठरवण्यासाठी. घराचा त्यात संबंध नाही. आणि वर्णने अजिबात गोड नाहीत. अग्निप्रकृतीचा मनुष्य उतावळा, फारसा भरवशाचा नाही, अल्पायुषी. जलप्रकृतीचा तर कोणाचा आदर न करणारा, कोणाला न भिणारा आणि लोकांना फसवण्यात तरबेज. आजच्या पुस्तकातल्या ‘सहृदय, सखोल, अंतर्ज्ञानी’ जलव्यक्तीने हे प्रकरण वाचले तर ती पुस्तक विकणाऱ्यावर फिर्याद करील.

राज्यकर्त्याच्या दुकानात तिसऱ्या शतकातला लिउ शाओ बसला होता. वेई राज्याच्या या अधिकाऱ्याचा ‘रन-वू-ची’ हा ग्रंथ माणसे पारखून त्यांना पदे कशी द्यावीत याबद्दल आहे. हाड म्हणजे काष्ठ, स्नायू म्हणजे धातू, श्वास म्हणजे अग्नी, मांस म्हणजे पृथ्वी, रक्त म्हणजे जल, अशी जोडणी करून तो प्रत्येकाशी एक गुण जोडतो. पण त्याची दोन निरीक्षणे आजच्या पुस्तकांत कुठेच उतरलेली नाहीत. एक, प्रत्येक गुणाच्या पोटात त्याचाच दोष असतो. कणखर माणूस आडमुठा होतो, सावध माणूस संशयी. दुसरे जास्त महत्त्वाचे. सर्वांत श्रेष्ठ माणूस त्याच्या मते बेचव असतो, साध्या पाण्यासारखा. कोणतीच एक चव त्याच्यात वर येत नाही, म्हणून तो कोणत्याही कामाला येतो. म्हणजे ठळक ‘टाइप’ असणे ही लिउ शाओच्या लेखी दुय्यम माणसाची खूण होती. आज लोक पैसे मोजून आपला टाइप जाणून घेतात.

वैद्य, राज्यकर्ता आणि थडग्याची जागा शोधणारा, ही तीन दुकाने एका छपराखाली आली ती विसाव्या शतकात, आणि चीनच्या बाहेर. चीनमध्ये १९४९ नंतर फेंगशुई अंधश्रद्धा म्हणून निषिद्ध ठरले होते. इकडे कार्ल युंग यांचे मानसिक प्रकारांवरचे पुस्तक १९२१ साली आले. त्यावरून पुढे अमेरिकेत मायर्स-ब्रिग्ज चाचणी तयार झाली. याच युंग यांनी ‘यी चिंग’च्या १९५०च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. त्यामुळे अष्टकोनी ‘पा-क्वा’ची चिन्हे आणि अंतर्मुख-बहिर्मुखांची भाषा पाश्चात्त्य वाचकाच्या एकाच कपाटात आली. यात युंग यांचा दोष थोडा. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवण्यासाठी आपले प्रकार वापरणे हा पोरखेळ आहे, असे त्यांनी १९३४ मध्येच एका प्रस्तावनेत बजावले होते.

पुढचे पाऊल कॅलिफोर्नियात पडले. बीजिंगमध्ये जन्मलेले आणि तैवानमधून अमेरिकेत गेलेले लिन युन यांनी बर्कलेत आपले केंद्र उभारले. त्यांच्या शिष्या सेरा रॉसबाक यांचे १९८३ सालचे पुस्तक इंग्रजी वाचकांमध्ये गाजले. या संप्रदायाने होकायंत्र बाजूला ठेवले. पा-क्वाचा नकाशा घराच्या दारापासून मांडायचा आणि त्याच्या घरांना संपत्ती, कीर्ती, नातेसंबंध, करिअर अशी नावे द्यायची. उत्तर-दक्षिण गेली, डोंगर-नदी गेली. राहिले ते घर आणि त्यात एकटा ‘मी’. हे मला या साऱ्या इतिहासातले निर्णायक वळण वाटते. उत्तर चीनच्या थंड वाऱ्याला पाठ आणि उन्हाला तोंड, या मूळ सल्ल्यात भूगोल तरी होता. तो कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथे नैर्ऋत्येचा पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला झाप लावावे लागतात. पण निदान त्यावर वाद घालता येतो. दारापासून मोजलेल्या ‘नातेसंबंधाच्या कोपऱ्या’वर वाद तरी कसा घालणार?

मराठीत या सगळ्याला दोन शब्दांनी बळ दिले. पहिला ‘ऊर्जा’. छी म्हणजे श्वास, वाफ, वातावरण, चैतन्य. तिला जवळचा शब्द ‘प्राण’ किंवा ‘वायू’ झाला असता. ऊर्जा म्हटले की शाळेतले भौतिकशास्त्र आठवते, वीजबिल आठवते, आणि न मोजता येणाऱ्या गोष्टीला मोजलेल्या गोष्टीची पत मिळते. दुसरा शब्द ‘पंचतत्त्वे’. वाचकाला वाटते, ही आपलीच पंचमहाभूते. पण चिनी यादीत वायू नाही, आकाश नाही. काष्ठ आणि धातू आहेत. शिवाय ‘वू-शिंग’मधल्या ‘शिंग’चा अर्थ चालणे. ते पदार्थ नव्हेत, अवस्था आहेत: काष्ठातून अग्नी, अग्नीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून पुन्हा काष्ठ. मला विचाराल तर ‘पाच चाली’ हा चांगला अनुवाद झाला असता. चाल म्हणजे गतीही आणि गाण्याची चालही, आणि त्या पाचांचे पाच स्वरांशी नाते होतेच. एखाद्या माणसाला ‘तू धातू आहेस’ असे म्हणता येते. ‘तू चाल आहेस’ असे म्हणता येत नाही, कारण चाल बदलते. ‘तत्त्व’ या एका शब्दाने फिरते चक्र थांबवले आणि माणसाला त्याच्या एका आऱ्यावर बांधून टाकले.

मग हे लोकांना पटते का? १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे स्वभाववर्णन’ म्हणून एक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, बराचसा भविष्याच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला. वर्णन किती बरोबर आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. क्वा प्रकरणातली वर्णने याच जातीची आहेत: वरून शांत पण आतून संवेदनशील, माणसांत रमणारे पण एकांतप्रिय. असे नसलेला मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

आपल्याकडे माणसांची लक्षणे सांगणारा ग्रंथ दासबोध आहे. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, आणि शेवटी पढतमूर्खाचाही समाचार आहे. समर्थांची यादी वाचताना वाचक चार-पाच ठिकाणी स्वतःला सापडतो आणि ओशाळतो. ती लक्षणे टाकून देता यावीत म्हणूनच सांगितलेली आहेत. क्वा प्रकरणात वाचक स्वतःला सापडतो आणि सुखावतो, कारण तिथे टाकून देण्यासारखे काहीच नसते. आठही प्रकार चांगलेच. काही बिघडत असेल तर पलंग चुकीच्या दिशेला आहे.

आणि पलंगापाशी आल्यावर हा विषय गमतीचा राहत नाही. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत पलंग एकाच भिंतीला लागतो. भाड्याच्या घरात दार हलवता येत नाही. चार माणसांच्या घरात दोन पूर्व गटाची आणि दोन पश्चिम गटाची असतील तर शुभ दिशेला डोके करून झोपणार कोण? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते: कमावत्या पुरुषाला दिशा मिळते आणि सुनेला तिचा आकडा. नव्या सुनेचे तत्त्व घराशी ‘जुळत नाही’ हे पत्रिकेइतकेच सोयीचे कारण आहे, आणि पत्रिकेपेक्षा आधुनिक दिसते. कार्यालयात कोणाला समोर बसवायचे आणि कोणाला कोपऱ्यात, हे ठरवतानाही ‘तिची ऊर्जा वेगळी आहे’ हे वाक्य वापरता येते. त्यावर अपील नसते.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे आणि पुरुषलक्षणांचाही; दोन्ही एका ग्रंथात असूनही वेगवेगळे. वास्तूच्या अध्यायात घराची मापे दिली आहेत ती राजा, सेनापती, मंत्री आणि चार वर्ण अशा उतरत्या क्रमाने. कोणाला किती हात लांबी-रुंदीचे घर, हे त्याच्या दर्जावरून. आज ती मापे वाचताना राग येतो आणि तो यायलाच हवा. पण घर कोणाला मिळते याचा संबंध समाजातल्या जागेशी आहे, हे त्या अध्यायात लपवलेले नाही. क्वाच्या पुस्तकात खोल्या किती, भाडे किती, घर कोणाच्या नावावर, यांतला एकही प्रश्न येत नाही. त्यातला माणूस एकटा आहे, त्याच्याकडे एक जन्मवर्ष आहे आणि आठही दिशांना रिकाम्या भिंती आहेत.